माघ पौर्णिमेला कचारगड : देव बघाच, पण कानही घेऊन जा

भारी धान चुरून झाले. पोती एकतर घरात थप्पीला लागली, नाहीतर आधारभूत खरेदी केंद्रावर आपल्या नंबरची वाट बघत उभी आहेत. बांधीत लाखोळी जमिनीला धरून पसरली आहे. ज्यांच्याकडे पाण्याची सोय आहे त्यांचे उन्हाळी धानाचे पऱ्हे रोवणीला येतील. या सगळ्या धावपळीत पौष उतरून माघ लागला की आपल्या भागातल्या माणसाला चार-पाच रात्री मोकळ्या सापडतात. आज खताचा, तुडतुड्याचा किंवा बोनसचा विषय नाही. या चार-पाच रात्री कुठे घालवाव्यात, आणि तिथे गेल्यावर नेमके काय ऐकावे, हे सांगायचे आहे.

शहरात गाण्याच्या महिन्याभराच्या कार्यक्रमांची छापील पत्रिका निघते. लांब कशाला, आपल्या दरेकसावरून रेल्वे पुढे छत्तीसगडात शिरते, डोंगरगड लागते, आणि तिथून सडकेने खैरागड जवळच आहे. त्या खैरागडला १९५६ पासून इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आहे. तिथल्या राजाराणीने आपल्या वारलेल्या मुलीच्या, इंदिरेच्या, नावाने स्वतःचा राजवाडा संगीतशिक्षणाला दिला. तिथे शास्त्रीय गाणेही शिकवतात आणि लोकसंगीतही. अशा विद्यापीठाच्या सभागृहात मैफल असली की कोण गाणार, कोण साथीला, किती वाजता, सगळे आधी कळते. दिवे मंद होतात, माणसे खोकलासुद्धा दाबून धरतात, आणि गाणारा गातो.

आपल्या सालेकसा तालुक्यातल्या कचारगडलाही माघ पौर्णिमेच्या आगेमागे पाच दिवस गाणे-वाजवणे असते. सभागृह डोंगरातले, तिकीट नाही. महाराष्ट्र, छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणा, ओडिशा अशा राज्यांतून माणसे येतात. पण पत्रिका कुणी हातात देत नाही. त्यामुळे होते काय, आपण जातो, रांगेत उभे राहतो, गुहा बघतो, फुटाणे-रेवड्या घेतो आणि परत येतो. जे ऐकायचे ते ऐकायचेच राहून जाते. म्हणून ही पत्रिका आम्हीच लिहायला घेतली.

किंगरीवाल्याचा गड

कचारगड हे नुसते देवस्थान नाही. गोंड समाजाच्या श्रद्धेनुसार हे त्यांच्या धर्माचे, कोया पुनेमचे, उगमस्थान आहे. आणि इथली मूळ गोष्टच एका वाजवणाऱ्याची आहे, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक नसते.

गोष्ट अशी सांगतात. माता काली कंकालीची तेहतीस लेकरे होती. रायताड जंगोने त्यांचा सांभाळ केला. पण पोरे भारी खोडकर. त्यांच्या खोड्यांना कंटाळून शंभूने त्यांना या डोंगरातल्या गुहेत कोंडले आणि तोंडाशी प्रचंड शिळा लावली. आईचा जीव तळमळू लागला, पण शिळा कुणाच्याने हलेना. तेव्हा हिरासुका पाटालीर नावाचा एक वाद्य वाजवणारा पुढे आला. त्याने गुहेच्या तोंडाशी उभे राहून किंगरी छेडली. सूर आत गेला. आतल्या भुकेल्या, हरलेल्या पोरांच्या अंगात बळ आले. आतून त्यांनी रेटा दिला, बाहेरून त्याने, आणि शिळा सरकली. पोरे सुटली. पण ती शिळा घरंगळली ती हिरासुकाच्याच अंगावर, आणि तो तिथेच गेला. पुढे पारी कुपार लिंगोने या पोरांना शिष्य केले, आणि त्यांच्यापासून साडेसातशे गोत्रांचा गोंड समाज वाढला असे मानतात.

सांगणाऱ्यागणिक गोष्टीत थोडा फरक पडतो. लोककथेचे असेच असते. पण सगळ्यांत मुद्दा एकच राहतो. शिळा पहिलवानाने हलवली नाही, हत्तीने हलवली नाही, किंगरीने हलवली. पृथ्वीच्या पाठीवर देवस्थाने खूप आहेत, पण वादकाच्या बलिदानावर उभे असलेले देवस्थान फारसे आढळायचे नाही. आणि लिंगो स्वतःही वाजवणाराच. बस्तरकडे तर एकटा लिंगो अठरा वाद्ये वाजवायचा असे सांगतात.

ही गोष्ट कालपरवा कुणी रचली असेल अशी शंका काही शिकलेले लोक काढतात. त्यांच्यासाठी एक जुना पुरावा देतो. नागपुरात ज्यांच्या नावाचे हिस्लॉप कॉलेज आहे ते स्कॉटलंडचे पाद्री स्टीफन हिस्लॉप यांनी एका परधानाकडून लिंगोचे गाणे मुळातून उतरवून घेतले होते. ओळी हजाराच्या आसपास. हिस्लॉप १८६३ साली टाकळघाटजवळ पाण्यात बुडून वारले. त्यांचे कागद सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले आणि ते गाणे गोंडीत व इंग्रजीत जगापुढे आले. त्या गाण्यातही शिळा लावलेली गुहा आहे, आत कोंडलेली माणसे आहेत, त्यांना सोडवणारा लिंगो आहे. काचीकोपा लोहगड हे ठिकाणाचे नावही त्यात येते. ते लोहगड म्हणजेच आपले कचारगड, असे गोंडी अभ्यासक मानतात. तपशील जुळत नाहीत तिथे जुळत नाहीत, पण दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी नागपूरच्या आसपासचा एक परधान हे गाणे तोंडपाठ म्हणत होता, एवढे तर पक्के.

आज दिसते ती मोठी जत्रा मात्र १९८० च्या दशकातली. डॉ. मोतीरावण कंगाली आणि त्यांच्या सोबतच्या गोंडी कार्यकर्त्यांनी मोजक्या माणसांनिशी इथे येणे सुरू केले. कंगाली भाषेचे अभ्यासक, नोकरी रिझर्व्ह बँकेतली, मन गोंडीत. २०१५ मध्ये ते वारले. ज्या डोंगरात पूर्वी आजूबाजूच्या गावचे लोक नवस फेडायला जात, तिथे आता लाखांनी माणूस जमतो. तेव्हा आपला जिल्हासुद्धा वेगळा नव्हता. १ मे १९९९ ला गोंदिया भंडाऱ्यापासून निघाला. त्याआधी कचारगड भंडारा जिल्ह्यात होते.

महिनाभराची पत्रिका

आता पत्रिकेकडे वळू. पौर्णिमा इंग्रजी महिन्यात कधी जानेवारीच्या शेवटाला येते, कधी फेब्रुवारीत, म्हणून तारखा आपल्या घरच्या पंचांगात बघून घ्या.

पौर्णिमेच्या आधीचे दोन-तीन आठवडे आपल्या गावागावांत झाडीपट्टीच्या नाटकांचे. भाऊबीजेपासून मंडईला जी सुरुवात होते तिची धग अजून असते. धान निघालेल्या बांधीत पेंडाल पडतो, वडसा देसाईगंजच्या मंडळाची गाडी येते, आणि रात्री दहा-साडेदहाला पडदा उघडतो तो पहाटेच बंद होतो. या नाटकांची खरी मजा माझ्या मते संवादांत कमी आणि गाण्यांत जास्त आहे. नट स्वतःच्या गळ्याने गातो, खाली ऑर्गन, तबला, ढोलक वाजवणारे समोर बसलेले असतात. आता ऑर्गनच्या जागी कीबोर्ड आला, ऑक्टोपॅड आले. तरी गळा नटाचाच. मुंबई-पुण्याच्या नाटकांतून गाणे जवळपास उठून गेले, ते आपल्याकडे तग धरून आहे. याच रंगभूमीवरच्या डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ते उगीच नाही.

दंडार आणि खडी गंमत मात्र आता मागून घ्यावी लागते. पूर्वी मंडईच्या दिवशी दंडार नाही असे गाव नव्हते. आता मंडईच्या जाहिरातीत नाटकाचे नाव मोठ्या अक्षरात असते, दंडार असली तर खाली कोपऱ्यात. तुमच्या गावच्या मंडळाला विचारून बघा, म्हातारे दंडारी अजून असतील. एखादी रात्र त्यांना द्या.

मग पौर्णिमेच्या आठवड्यात सगळे पाय धनेगावकडे वळतात. धनेगाव हे कचारगडच्या पायथ्याचे गाव. जत्रेचा कारभार तिथूनच चालतो. सप्तरंगी ध्वज उभा होतो, गोंगो म्हणजे पूजा सुरू होते, आणि तिथून पुढे वाजवणे थांबत नाही. दिवसा पूजा, पालखी, सभा, गोंडी भाषेवरची चर्चा. रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. भेटलेल्या माणसाला 'जय सेवा' म्हणा, तिथे तोच रामराम आहे. नाव घेताना पुरुषाला तिरुमाल आणि बाईला तिरुमाय लावतात.

काय ओळखायचे, कसे ऐकायचे

गर्दीत एकदम दहा ठिकाणी वाजत असते. नवख्या माणसाला सगळे सारखेच वाटते. तर थोडे ओळखून ठेवा.

बाया एकमेकींचे हात गुंफून किंवा कमरेत हात घालून रांगेने पुढे-मागे डुलत गात असतील, एक रांग म्हणते आणि दुसरी उचलते, तर तो रेला. पाटा म्हणजे गोंडीत गाणे. रेला पाटा म्हटले की हेच. त्याला कधी कधी वाद्यही लागत नाही, पायांचा ठेका पुरतो. आपल्या गडचिरोली-बस्तरकडच्या पाहुण्यांकडे हा जास्त मिळेल. गोलाकार नाच आणि मधोमध ढोलवाले असतील, तर चंद्रपूर-यवतमाळ-आदिलाबादकडचा ढेमसा असू शकतो. हातात दांडके घेऊन पुरुष नाचत असतील तर तो मंडला-बालाघाटकडचा सैला. आणि मांदरीच्या तालावर बाप्ये-बाया समोरासमोर उभे असतील तर कर्मा. हे फार काटेकोर धरू नका, एक गाव दुसऱ्या गावाचे उचलते. पण कोणत्या दिशेने माणूस आला ते त्याच्या पायांवरून कळते एवढे नक्की.

वाद्यांत मांदरी तुम्हाला माहीत आहे, टिमकी माहीत आहे, ढोल तर आहेच. तुरहीचा आवाज डोंगरावर आपटून परत येतो तेव्हा अंगावर काटा येतो. बासरी गर्दीत हरवते.

आणि किंगरी? जिच्यामुळे शिळा सरकली ती?

ती शोधावी लागते. लाकडाचे पोकळ खोड किंवा तुंबा, त्यावर ताणलेले कातडे, तीन तारा, बहुतेक घोड्याच्या शेपटीच्या केसांच्या, आणि वर फिरवायला गज. मंडलाकडे तिलाच बाना म्हणतात. आवाज सारंगीच्या घराण्यातला, पण जास्त खरखरीत, जवळ बसून म्हाताऱ्याने सांगावे तसा. दहा पावलांवर उत्तम ऐकू येतो. पन्नास पावलांवर नाही. आणि शंभर पावलांवर कर्णा लागला असेल तर वाजवणाऱ्यालाच स्वतःचा सूर ऐकू येत नाही. ज्याच्या सुराने गड उघडला त्या वाद्याला गडावरच जागा मिळत नाही, हे मला तरी बोचते.

परधानाने किंगरी खाली का ठेवली

दोष नुसत्या कर्ण्याचा नाही. किंगरी परधानांची. गोंडांच्या घराण्यांची नावे, देव, कुळाच्या कथा, लढाया, लग्ने हे सगळे परधानाच्या गळ्यात. त्याच्याकडे कागद नव्हता, पण तलाठ्याच्या दप्तरात सापडणार नाही इतकी मागची पिढी त्याला सांगता यायची. ठरावीक वर्षांनी तो आपल्या यजमान गोंडाच्या घरी यायचा, बडादेवाला किंगरीने जागवायचा, कुळाची गाथा म्हणायचा, आणि यजमान त्याला धान, कापड, जनावर असे काही द्यायचा. परधानांत अशी कथा आहे की सात भावांतल्या सर्वांत धाकट्याने साजाच्या झाडाखाली हे वाद्य वाजवले तेव्हाच बडादेव प्रसन्न झाला. श्यामराव हिवाळे हे आपले मराठी गृहस्थ, व्हेरियर एल्विनचे सहकारी. ते मंडला भागात वर्षानुवर्षे राहिले आणि १९४६ मध्ये त्यांनी नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातल्या परधानांवर पुस्तकच लिहिले. त्यात हा सगळा व्यवहार आलेला आहे.

तो व्यवहार तुटला. जमीन वाटून तुकडे झाले, यजमानाच्याच घरात दाणे पुरेनात, तो परधानाला काय देणार? दुसरीकडे परधानाची पोरे शिकली. महाराष्ट्रात परधान अनुसूचित जमातीत आहेत, पोरे मास्तर झाली, कारकून झाली, पोलिसात गेली. दारोदार जाऊन वाजवणे त्यांना भीक मागण्यासारखे वाटू लागले. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्या पोराने तरी ते केले असते का? पण मागणे सुटले त्यासोबत म्हणणेही सुटले.

एक गंमत सांगतो. हिवाळे आणि एल्विन ज्या पाटणगडला राहिले त्याच गावातला एक परधान मुलगा, जनगढसिंह श्याम, १९८० च्या दशकात भोपाळच्या भारत भवनात गेला. त्याने किंगरीवरच्या देवांना रंगात उतरवले. त्यातून आज ज्याला गोंड चित्रकला म्हणतात ती शैली जगभर गेली. जनगढ २००१ मध्ये जपानात वारला, पण त्याच्या मागे शेकडो हात ब्रश धरून उभे राहिले. म्हणजे परधानाची कला मेली नाही. तिला विकत घेणारा भेटला तिथे ती चित्र होऊन जगली. सुराला विकत घेणारा भेटला नाही. तेलंगणात कोया समाजाची वंशगाथा डोलीच्या तालावर म्हणणाऱ्या सकिनी रामचंद्रय्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. आणि तिकडची मेडारमची जत्रा, सम्मक्का-सारलम्माची, दर दोन वर्षांनी भरते ती याच माघ पौर्णिमेच्या सुमाराला. तिथल्या गाणाऱ्याला दिल्लीने ओळखले. आपल्या गडावरच्या किंगरीवाल्याला निदान सालेकशाने तरी ओळखावे.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी

हा भाग गावच्या कारभाऱ्यांनी जरा नीट वाचावा. ग्रामसेवक आता ग्रामपंचायत अधिकारी झाले, नाव बदलले, काम तेच आहे.

पहिले काम फार सोपे. आपल्या गावात आणि टोल्यांत साठीच्या पुढचे किंगरीवाले, रेला म्हणणाऱ्या बाया, दंडारी, खडी गंमतवाले, शाहीर कोण कोण आहेत त्यांची यादी ग्रामसभेत करून घ्या. राज्य शासनाची वृद्ध कलावंतांसाठी मानधनाची योजना आहे. तिचे आताचे नाव राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन सन्मान योजना. २०२४ पासून महिना ५,००० रुपये मानधन झाले. वयाची पन्नाशी आणि कलेतली पंधरा वर्षे अशी मुख्य अट, शिवाय उत्पन्नाची मर्यादा. बाकी कागद पंचायत समितीत विचारून घ्या. अडचण अशी होते की या योजनेत कार्यक्रमांचे पुरावे लागतात, आणि जो माणूस चाळीस वर्षे यजमानाच्या अंगणात वाजवत आला त्याच्याकडे ना प्रमाणपत्र, ना फोटो, ना पेपरातले कात्रण. शहरातल्या गवयाकडे फाईल भरलेली असते. इथे ग्रामपंचायतीचा दाखला आणि ग्रामसभेचा ठराव उपयोगी पडू शकतो. या जत्रेत तुमच्या गावचा माणूस वाजवत असेल तर मोबाईलवर त्याचा तारखेसकट फोटो काढून ठेवा. खर्च शून्य. उद्या त्याच फोटोवर त्याच्या घरी महिन्याचे तांदूळ-तेल येऊ शकते.

दुसरे काम आवाजाचे. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. सांस्कृतिक-धार्मिक प्रसंगासाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देता येते, त्या दिवसांची यादी जाहीर होते. बंदिस्त सभागृहाला वेगळी सवलत आहे. आता गुहा बंदिस्त सभागृहात मोडते की नाही हे नियमात कुठे लिहिलेले नाही! रात्रभराचे नाटक आणि हा नियम यांचा मेळ कसा घालायचा हा झाडीपट्टीचा जुनाच प्रश्न आहे, तो आज सुटायचा नाही. पण किंगरीपुरता प्रश्न सुटण्यासारखा आहे. जत्रेच्या पाचही दिवशी संध्याकाळी, दिवे लागणीला, गुहेकडे जाणाऱ्या वाटेवर एका जागी अर्धा तास सगळे कर्णे बंद. मंडप नको, स्टेज नको, माईक तर नकोच. एक सतरंजी, दोन-तीन परधान, आणि भोवती बसतील तेवढी माणसे. खैरागडच्या सभागृहात जी शांतता भिंती बांधून मिळवतात ती इथे तीस मिनिटे गप्प बसून मिळेल. देवस्थान समितीने मनावर घेतले आणि आजूबाजूच्या गावांच्या सरपंचांनी जाऊन शब्द टाकला तर हे याच माघात होऊ शकते. आणि त्या परधानांना समितीने किंवा गावांनी वर्गणी काढून, पाकिटात घालून, सर्वांसमोर मानधन द्यावे. ताटात चिल्लर पडू देऊ नये. मागणे आणि मानधन यांत फरक एवढाच असतो, पण पोराला बापाची किंगरी हातात घ्यावीशी वाटेल की नाही ते याच फरकावर ठरते.

कुणी म्हणेल, आता गोंडीत डीजेची गाणी येतात, यूट्यूबवर येतात, पोरे त्यावर नाचतात, भाषा टिकली ना मग? खरे आहे. ती गाणीही हवीत. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाख ८४ हजारांच्या घरात होते. एवढ्या मोठ्या भाषेला नवी गाणी नकोत असे कसे म्हणता येईल? पोरगे शाळेत मराठी, बाजारात हिंदी आणि मोबाईलवर गोंडी ऐकत असेल तर चांगलेच. पण डीजेच्या तीन मिनिटांत कुळाची गाथा बसत नाही. ती रात्रभर चालते, मध्ये थांबते, तंबाखू मळून पुन्हा सुरू होते. म्हणून तिसरे काम शाळेच्या गुरुजींचे. पाचवी-सातवीच्या पोरांना सांगा, आजीचे एक गाणे मोबाईलवर रेकॉर्ड करून आणा, कुणाचे, कोणत्या गावचे, केव्हा म्हणतात ते वहीत लिहा. रोवणीची गाणी, लग्नाची गाणी, आईची झोपवायची गाणी. ट्रॅक्टर आणि रोवणी यंत्र आल्यावर रोवणीची गाणी किती दिवस राहतील ते तुम्हीच सांगा.

जाण्याची सोय

कचारगड गोंदियाहून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. मुंबई-हावडा मार्गावर सालेकसा आणि दरेकसा ही जवळची स्टेशने, पण सगळ्या गाड्या थांबत नाहीत, पॅसेंजर बघून निघा. सालेकशाहून धनेगावपर्यंत वाहने मिळतात. जत्रेच्या दिवसांत जादा एसटीची चौकशी आगारात करा. बैलगाडीने येणारी मंडळी अजूनही आहेत. बैलांचा चारा-पाणी सोबत ठेवा, पायथ्याशी गर्दीत ते मिळत नाही.

डोंगराची वाट चढाची आहे आणि पायाखाली दगड सुटे असतात. म्हाताऱ्या माणसाला सकाळी उन्हाच्या आत वर न्या. गुहेत शिरताना बॅटरी हवी. कपारींत मधमाश्यांची पोळी असू शकतात, म्हणून धूर करू नका, बिडी तर अजिबात नको. आत मोठ्याने ओरडून आवाज घुमवून बघण्याची पोरांना भारी हौस असते. त्याऐवजी सोबत कुणी बासरीवाला असेल तर त्याला एक फुंकर घालायला लावा आणि तो सूर वर छताकडे कसा चढतो ते ऐका.

माघातली रात्र डोंगरात कडक असते, दव पडते. घोंगडी घ्या, लहान लेकराला कानटोपी घ्या. मुक्कामी राहणार असाल तर पौर्णिमेच्या आदल्या रात्री राहा. पौर्णिमेच्या दिवशी गर्दीच इतकी होते की पाय ठेवायला जागा नसते. आदल्या रात्री मात्र लांबून आलेल्या दिंड्या आपापल्या शेकोटीभोवती बसलेल्या असतात आणि त्यांचे गाणे कुणाला दाखवण्यासाठी नसते. शेकोटीजवळ जा, 'जय सेवा' म्हणा, बसायला विचारा. बस म्हणतातच. आणि तिथे एखाद्या म्हाताऱ्याच्या मांडीवर कापडात गुंडाळलेले लांबट काही दिसले, तर ते काय आहे म्हणून जरूर विचारा.